विश्लेषण : असद गेले, परदेशी तळ मात्र कायम… सीरियातील धावपट्ट्यांवर हुकूम कोणाचा?

सीरियातील बशर अल असद यांची राजवट कोसळली, त्याला ८ डिसेंबर २०२५ रोजी एक वर्ष पूर्ण झाले. या वर्षभरात सीरियाचा झेंडा बदलला, जुने लष्कर बरखास्त झाले. एके काळी अमेरिकेने ज्यांच्यावर इनाम लावले होते, ते अहमद अल शरा अध्यक्ष म्हणून व्हाइट हाऊसमध्ये जाऊन आले. एक गोष्ट मात्र फारशी बदललेली नाही. रशियाची मालवाहू विमाने हमैमिमच्या धावपट्टीवर आजही उतरतात. अमेरिकी सैनिक २०२५ मध्ये वाळवंटातील तन्फ तळावर होते. उत्तरेत तुर्कस्तानचे रणगाडे आहेत आणि दक्षिणेत इस्रायलने नव्या चौक्या उभारल्या आहेत. ज्या राजवटीशी करार करून किंवा जिच्याविरोधात हे तळ उभे राहिले, ती राजवटच संपली. मग तळ कोणाच्या परवानगीने चालू आहेत? नवे सरकार ते बंद का करत नाही?

सीरियात कोणाकोणाचे तळ?

२०११ मध्ये असद यांच्याविरोधात सुरू झालेल्या आंदोलनाचे रूपांतर यादवी युद्धात झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार पहिल्या दहा वर्षांतच तीन लाखांहून अधिक नागरिक या युद्धात मारले गेले. सरकारचा ताबा जसजसा सैल होत गेला, तसतसे बाहेरचे देश आत शिरले. रशिया आणि इराण असद यांच्या निमंत्रणावरून आले. अमेरिका ‘आयसिस’विरोधी लढाईसाठी कुर्दबहुल ईशान्येत उतरली, त्याला दमास्कसची संमती नव्हती. तुर्कस्तानने २०१६, २०१८ आणि २०१९ अशा तीन मोठ्या मोहिमा राबवून सीमेलगतचा पट्टा ताब्यात घेतला. इदलिबमध्ये रशिया व इराणशी झालेल्या समझोत्यातून त्याने निरीक्षण चौक्या उभारल्या.

परिणामी असद राजवटीच्या अखेरच्या वर्षांत भूमध्य समुद्राचा किनारा रशियाकडे, वायव्येचा पट्टा तुर्कस्तानकडे, तेल व वायू क्षेत्रांचा ईशान्य भाग अमेरिका व कुर्द सैनिकांकडे आणि मधल्या वाळवंटातील अनेक ठाणी इराण व त्याच्या निमलष्करी गटांकडे अशी विभागणी झाली होती. महाराष्ट्राच्या जवळपास साठ टक्के आकाराच्या या देशात चार परकी लष्करे एकाच वेळी वावरत होती. त्यांची विमाने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून रशिया आणि अमेरिका यांना स्वतंत्र ‘हॉटलाइन’ ठेवावी लागली होती.

रशियासाठी तार्तूस आणि हमैमिम इतके मोलाचे का?

तार्तूस बंदरातील तळाची सुरुवात सोव्हिएत काळातील, १९७१ मधील कराराने झाली. भूमध्य समुद्रात रशियन नौदलाचा हा एकमेव तळ आहे. येथे दुरुस्ती आणि रसद मिळाली नाही, तर रशियन युद्धनौकांना काळा समुद्र, बाल्टिक किंवा थेट उत्तरेकडील बंदरे गाठावी लागतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानने माँट्रो कराराचा आधार घेऊन बॉस्फरस आणि डार्डनेल्सचा मार्ग युद्धनौकांसाठी बंद केला. त्यामुळे तार्तूसचे महत्त्व आणखी वाढले.

हमैमिम हा तुलनेने नवा तळ. लताकिया प्रांतात जबला शहराजवळ असलेल्या नागरी विमानतळालाच लागून तो २०१५ मध्ये उभारला गेला. त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपासून रशियाने येथून हवाई हल्ले सुरू केले. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानने रशियाचे सुखोई-२४ विमान पाडल्यानंतर ‘एस-४००’ ही हवाई संरक्षण यंत्रणाही येथे आणण्यात आली. पुढे या तळाचा उपयोग सीरियापुरता उरला नाही. लिबिया, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, माली अशा देशांत जाणाऱ्या रशियन विमानांसाठी तो इंधन भरण्याचा टप्पा बनला. जड सामान लादलेले विमान रशियातून आफ्रिकेपर्यंत एका दमात जाऊ शकत नाही. म्हणजे हमैमिम गेले, तर रशियाचे आफ्रिकेतील लष्करी जाळेही लटके पडते.

करारांच्या अटी काय होत्या?

तार्तूसचा करार जानेवारी २०१७ मध्ये ४९ वर्षांसाठी झाला. त्यानंतर २५-२५ वर्षांच्या मुदतवाढीची सोय आहे. एका वेळी ११ युद्धनौका ठेवण्याची मुभा असून त्यात अणुऊर्जेवर चालणाऱ्या नौकाही आल्या. हमैमिमचा मूळ करार बेमुदत होता. २०१७ मध्ये त्यालाही ४९ वर्षांची चौकट मिळाली. तळांच्या जागेसाठी रशियाला भाडे द्यावे लागत नाही. तळावरील रशियन सैनिक आणि मालमत्ता यांना सीरियाच्या कायद्यापासून संरक्षण आहे. रशियन सामानाची तपासणी सीरियाचे अधिकारी करू शकत नाहीत.

कागदावरच्या या अटींचा अर्थ डिसेंबर २०१७ मध्ये एका दृश्यातून जगाला दिसला. पुतिन हमैमिमला आले होते. धावपट्टीवर त्यांच्या मागोमाग निघालेल्या असद यांना एका रशियन अधिकाऱ्याने हाताला धरून थांबवले. स्वतःच्याच देशातील विमानतळावर राष्ट्राध्यक्षाने कुठपर्यंत चालायचे, हे पाहुण्यांचा अधिकारी ठरवत होता.

एवढे तळ असूनही असद का वाचले नाहीत?

हयात तहरीर अल शाम या संघटनेच्या नेतृत्वाखालील बंडखोरांची मोहीम २७ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाली. दोन-तीन दिवसांत अलेप्पो पडले, ५ डिसेंबरला हमा आणि ८ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत होम्स व दमास्कस. रशियन विमानांनी काही हल्ले केले, पण त्यांची संख्या आणि जोर २०१५ सारखा नव्हता. रशियाची बरीच ताकद युक्रेनमध्ये अडकली होती. लेबनॉनमधील हिजबुल्ला इस्रायलबरोबरच्या युद्धात खिळखिळी झाली होती. इराणही थकला होता. सर्वात महत्त्वाचे म्हणजे खुद्द सीरियाच्या लष्कराची लढण्याची इच्छा संपली होती. जमिनीवर लढणारे सैन्य पळू लागले, तर आकाशातील विमाने राजवट वाचवू शकत नाहीत.

असद यांच्या नावाने १६ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या निवेदनानुसार, ८ डिसेंबरला ते दमास्कसहून हमैमिमला गेले आणि तळावर ड्रोन हल्ले होऊ लागल्यावर रशियाने त्यांना तेथून मॉस्कोला हलवले. नऊ वर्षे ज्या तळाची जाहिरात ‘राजवटीची ढाल’ म्हणून झाली, त्याचा असद यांना झालेला शेवटचा उपयोग पळवाटेचा होता. तळ मात्र सुरक्षित राहिला. रशियाने आत-बाहेरच्या ठाण्यांवरील सैनिक किनाऱ्यावर गोळा केले, काही सामग्री पूर्व लिबियाकडे हलवली आणि ज्यांना कालपर्यंत दहशतवादी म्हणत बॉम्ब टाकले, त्यांच्याशीच सुरक्षिततेची बोलणी सुरू केली. परदेशी तळ यजमान देशात असतो, पण त्याची निष्ठा यजमान राजवटीशी नसते, हे यातून स्पष्ट झाले.

अमेरिकेच्या तळांची स्थिती काय?

अमेरिकेने सीरियात हमैमिमसारखा एकच मोठा तळ कधी उभारला नाही. ईशान्येत रुमेलानची जुनी धावपट्टी, कोबानीजवळील सरीन, लाफार्ज कंपनीचा बंद पडलेला सिमेंट कारखाना, कोनोको वायू प्रकल्प अशा जागा वापरात घेतल्या. हे तळ किती झटपट हात बदलू शकतात, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसले. तुर्कस्तानच्या मोहिमेपूर्वी ट्रम्प यांनी माघारीचा आदेश दिला आणि सिमेंट कारखान्यात मागे राहिलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी अमेरिकी विमानांनी आपल्याच तळावर बॉम्ब टाकले. पुढच्याच महिन्यात सरीनच्या रिकाम्या धावपट्टीवर रशियन हेलिकॉप्टर उतरली.

तन्फ हा तळ वेगळा. सीरिया, इराक आणि जॉर्डन यांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे बगदाद-दमास्कस महामार्गावर तो आहे. त्याभोवती ५५ किलोमीटरचे प्रतिबंधित क्षेत्र आखलेले होते. ‘आयसिस’विरोधी गटांना प्रशिक्षण हा त्याचा जाहीर हेतू असला, तरी इराणमधून इराकमार्गे भूमध्य समुद्राकडे जाणारा रस्ता अडवणे हे त्याचे खरे मोल होते. जानेवारी २०२४ मध्ये जवळच जॉर्डनमधील ‘टॉवर २२’ या ठाण्यावर झालेल्या ड्रोन हल्ल्यात तीन अमेरिकी सैनिक मारले गेले होते.

सीरियात आपले सुमारे ९०० सैनिक असल्याचे अमेरिका वर्षानुवर्षे सांगत होती. असद गेल्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा प्रत्यक्षात सुमारे दोन हजार असल्याचे पेंटॅगॉनने मान्य केले. २०२५ मध्ये ती संख्या हजाराच्या आत आणण्याची घोषणा झाली. आठ तळांवरून टप्प्याटप्प्याने एका तळावर येण्याचा इरादा अमेरिकेचे दूत टॉम बराक यांनी जूनमध्ये सांगितला. नोव्हेंबरमध्ये शरा यांच्या वॉशिंग्टन भेटीच्या तोंडावर दमास्कसजवळील एका हवाई तळावर अमेरिकी सैनिक येणार असल्याचे वृत्त आले; सीरियाने ते फेटाळले. याच भेटीत सीरिया ‘आयसिस’विरोधी आघाडीत सामील झाला.

‘टी-४’ धावपट्टीवरून एवढा संघर्ष कशासाठी?

होम्स ते पाल्मिरा मार्गावरील तियास हवाई तळ ‘टी-४’ या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश-फ्रेंच काळात इराकच्या किर्कूकमधून लेबनॉनच्या त्रिपोली बंदरापर्यंत तेलवाहिनी टाकण्यात आली. त्रिपोलीच्या वाहिनीवरील चौथे पंपिंग केंद्र म्हणून हे नाव. तेलासाठी निवडलेली ही जागा पुढे विमानांसाठीही मोक्याची ठरली. देशाच्या मध्यभागी असल्याने येथून सीरियाच्या कोणत्याही कोपऱ्यावर नजर ठेवता येते.

असद यांच्या काळात इराणने येथून ड्रोन चालवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये इराणचा ड्रोन इस्रायलच्या हद्दीत शिरला. प्रत्युत्तरात इस्रायलने ‘टी-४’वर हल्ला केला आणि त्या चकमकीत इस्रायलचे एक एफ-१६ विमान पडले. त्यानंतरही या तळावर वारंवार हल्ले झाले. असद यांच्याबरोबरच इराण सीरियातून बाहेर फेकला गेला. शिरकाव केलेल्या देशांपैकी सर्वस्व गमावणारा तो एकटाच.

इराणची जागा घेण्यास तुर्कस्तान पुढे आला. नव्या सीरियन लष्कराला प्रशिक्षण देण्याच्या योजनेत तुर्कस्तानच्या पथकांनी ‘टी-४’, पाल्मिरा आणि हमा येथील तळांची पाहणी केल्याचे वृत्त एप्रिल २०२५ मध्ये आले. नेमक्या याच सुमारास, २ एप्रिलला इस्रायलने ‘टी-४’ आणि हमा तळांवर जबर हल्ले केले. तुर्कस्तानची राडार आणि हवाई संरक्षण यंत्रणा सीरियाच्या मध्यभागी आली, तर आपल्या विमानांची मोकळीक संपेल, ही इस्रायलची चिंता. आठवडाभरात दोन्ही देशांचे अधिकारी संघर्ष टाळण्याच्या चर्चेसाठी अझरबैजानची राजधानी बाकू येथे भेटले. धावपट्टी सीरियाची, वाटाघाटी मात्र तुर्कस्तान आणि इस्रायलच्या, त्याही तिसऱ्याच देशात.

इस्रायलने काय साधले?

असद पळाल्यानंतरच्या ४८ तासांत इस्रायलने सीरियात सुमारे ४८० हल्ले केले. हवाई तळ, लढाऊ विमाने, क्षेपणास्त्रांची कोठारे, लताकियातील नौदलाच्या नौका असे बरेच काही त्यात नष्ट झाले. त्याच वेळी इस्रायली सैन्य १९७४ च्या करारानुसार आखलेल्या गोलान सीमेवरील निर्लष्करी पट्ट्यात शिरले आणि २,८१४ मीटर उंचीच्या हर्मोन पर्वताचा माथा ताब्यात घेतला. तेथून दमास्कस दृष्टिपथात येते. ही उपस्थिती तात्पुरती असल्याचे सुरुवातीला सांगितले गेले. पण चौक्या वर्षभरानंतरही तेथेच आहेत. जुलैमध्ये स्वैदा प्रांतातील हिंसाचाराचे कारण देत इस्रायलने दमास्कसमधील संरक्षण मंत्रालयावरच बॉम्ब टाकले. ते रोखण्यासाठी सीरियाकडे ना विमाने होती, ना क्षेपणास्त्रे.

सामान्य सीरियन नागरिकांच्या वाट्याला काय?

परदेशी तळाचे कुंपण सामान्य माणसाला कसे घेरते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. तन्फभोवतीच्या ५५ किलोमीटर क्षेत्रात रुकबान ही निर्वासित छावणी होती. ‘आयसिस’पासून पळालेली हजारो माणसे येथे अडकली. जॉर्डनने सीमा बंद केली, असद सरकारने धान्य व औषधांची वाट रोखली आणि ज्यांच्या संरक्षक क्षेत्रात ती राहत होती, त्या अमेरिकेने छावणीची जबाबदारी आपली मानली नाही. मातीच्या घरांत, डॉक्टरांविना या लोकांनी वर्षे काढली. असद गेल्यानंतर रस्ते खुले झाले आणि जून २०२५ मध्ये शेवटची कुटुंबे घरी परतली. छावणी रिकामी झाली, तळ तेव्हा मात्र तेथेच राहिला.

दुसरे उदाहरण हमैमिमचे. मार्च २०२५ मध्ये किनारपट्टीवर असदसमर्थक बंदूकधाऱ्यांनी सुरक्षा दलांवर हल्ले केले. त्यानंतर अलावी समाजाच्या गावांवर सूडसत्र सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाच्या अहवालानुसार सुमारे १,४०० जण मारले गेले, त्यात बहुसंख्य नागरिक होते. जीव वाचवण्यासाठी आठ हजारांहून अधिक लोकांनी हमैमिम तळात आसरा घेतल्याचे रशियाने सांगितले. ज्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानांनी इदलिब आणि अलेप्पोतील वस्त्या उद्ध्वस्त केल्या, तिच्याच कडेला बायका-मुले चादरी अंथरून झोपत होती. एका समाजाला हा तळ अत्याचाराची खूण वाटतो, दुसऱ्याला शेवटचा निवारा. देशातील सरकारवर सर्वांचा विश्वास बसत नाही, तोवर ही दरी परदेशी तळांच्या पथ्यावरच पडणार.

नवे सरकार तळ बंद का करत नाही?

शरा यांच्या संघटनेवर रशियाने वर्षानुवर्षे बॉम्बवर्षाव केला. तरीही १५ ऑक्टोबरला ते मॉस्कोत पुतिन यांना भेटले आणि जुन्या करारांचा आदर राखण्याची ग्वाही दिली. याची कारणे व्यावहारिक आहेत. सीरियाचे चलन रशियात छापले जाते. २०२५ मध्ये रशियातून नोटा, गहू आणि कच्चे तेल आले. रशियाकडे सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे. सीरियाच्या लष्कराची उरलीसुरली शस्त्रेही बहुतांश रशियन बनावटीची. असद यांना परत आणण्याची मागणीही याच टेबलावर आहे.

तार्तूसच्या व्यापारी बंदराचे व्यवस्थापन एका रशियन कंपनीकडे ४९ वर्षांसाठी देण्याचा २०१९ चा करार नव्या सरकारने जानेवारीतच रद्द केला. शेजारच्या लष्करी गोदीला मात्र हात लावला नाही. जेथे नकार परवडतो तेथे नकार, जेथे परवडत नाही तेथे सौदा, असे हे धोरण दिसते. एकाच देशावर विसंबण्याऐवजी रशिया, अमेरिका आणि तुर्कस्तान अशा तिघांनाही दारात ठेवायचे आणि इस्रायलला रोखण्यासाठी त्यांचा उपयोग करायचा, हा त्यातील हिशेब. त्यात धोकाही आहे. तिघांचे हितसंबंध जुळेनासे झाले, तर त्यांची लढाई सीरियाच्या भूमीवर होईल.

भारताचा याच्याशी संबंध काय?

गोलानच्या निर्लष्करी पट्ट्यातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताचे सुमारे २०० जवान आहेत. २००६ पासून रसदपुरवठ्याची जबाबदारी भारतीय तुकडी सांभाळते. इस्रायली चौक्या याच पट्ट्यात आल्याने हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

परक्या भूमीवरील धावपट्टीचा अनुभव भारतानेही घेतला आहे. ताजिकिस्तानातील आयनी हवाई तळाचे नूतनीकरण भारताने केले. करार संपल्यावर २०२२ मध्ये तो ताजिकिस्तानकडे सोपवल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. अफगाणिस्तानातील बगराम तळ परत मिळावा, ही मागणी ट्रम्प यांनी सप्टेंबरमध्ये केली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मॉस्कोतील बैठकीच्या संयुक्त निवेदनात अफगाणिस्तान व शेजारी देशांत लष्करी सुविधा उभारण्यास विरोध नोंदवण्यात आला. त्या बैठकीत भारतही होता आणि रशियाही. हमैमिम राखू पाहणारा रशिया बगरामबाबत परदेशी तळांना विरोध करतो, हा यातील विरोधाभास.

पुढे काय?

नजीकच्या काळात रशियाचे तळ आकसतील, अटी बदलतील, पण ते पूर्ण बंद होण्याची चिन्हे कमी. अमेरिका संख्या घटवेल. तुर्कस्तानने ऑगस्टमध्ये सीरियाशी लष्करी प्रशिक्षणाचा करार केला असून त्याचे पाऊल घट्ट होत आहे. इस्रायलशी सुरक्षा समझोत्याची बोलणी अधांतरी आहेत. अशा वेळी पाहण्याची गोष्ट तळांच्या संख्येपेक्षा त्यांच्या अटी हीच आहे. जागेचे भाडे मिळते का, सामानाची तपासणी सीरियाचे अधिकारी करू शकतात का, गुन्हा घडल्यास खटला कोठे चालतो आणि मुदत किती वर्षांची, या चार प्रश्नांची उत्तरे बदलली, तरच यजमान बदलला असे म्हणता येईल. असद यांच्या राजवटीने ४९ वर्षांचा करार केला होता. त्यांची स्वतःची सत्ता त्यानंतर आठ वर्षेही टिकली नाही.